स्पॅनिशचे शिक्षक व्हायचे आहे : भाषेची पदवी घ्यावी की पदवीसोबत प्रमाणपत्रे?

बारावीनंतर स्पॅनिशचे शिक्षक होऊ पाहणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे घर सोडून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात किंवा हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिशमध्येच बी.ए. करणे, दुसरी म्हणजे जवळच्या महाविद्यालयातून अन्य विषयाची पदवी घेताना संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ‘देले’ या स्पॅनिश भाषेच्या प्रमाणपत्राच्या परीक्षा देणे. मी दुसऱ्या वाटेने आले. ठाणे-वाशी लोकलमध्ये क्रियापदांची रूपे पाठ केली.

जेएनयूच्या बी.ए.साठी आधी स्पॅनिश येण्याची अट नाही, सुरुवात मुळाक्षरांपासून होते. प्रवेश २०२२पासून सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत आहे. तिथे भाषेबरोबर स्पेन व लॅटिन अमेरिकेचे साहित्य आणि इतिहासही अभ्यासावा लागतो, आणि शिक्षकाच्या खरे उपयोगी पडते ते हेच. स्पेनमध्ये अनौपचारिक अनेकवचनी ‘तुम्ही’साठी ‘वोसोत्रोस’ आहे, लॅटिन अमेरिकेत त्या जागी ‘उस्तेदेस’ येते, अर्जेंटिनात तर ‘तू’साठी ‘वोस’ म्हणतात. वर्गात कोणीतरी हे विचारतेच, आणि त्याचे उत्तर परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकात क्वचितच असते.

‘देले’ प्रमाणपत्र स्पेन सरकारच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था देते. ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पातळ्या असून प्रमाणपत्राला मुदत नाही. ‘सिएले’ या स्पॅनिशच्याच दुसऱ्या परीक्षेचे प्रमाणपत्र मात्र ५ वर्षांनी कालबाह्य होते. बी२ला वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण अशा दोन गटांत प्रत्येकी ५०पैकी किमान ३० गुण लागतात, त्यामुळे वाचनात हुशार असलेला विद्यार्थी न बोलता निभावून जाऊ शकत नाही. पण ही परीक्षा भाषा येते एवढेच सिद्ध करते, शिकवता येते हे नाही.

शिकवणे म्हणजे काय, हे मला एका वर्गात उमगले. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्यात आंबा कर्ता कसा, हे इंग्रजीच्या आधाराने विचार करणाऱ्या मुलांना काही केल्या पटेना. शेवटी मी फळ्यावर लिहिले : ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.’ क्षणात मुलेच म्हणाली, ‘मे गुस्तान लोस मांगोस.’ स्पॅनिशचे दंत्य ‘त’ आणि ‘द’सुद्धा आपल्या जिभेला सहज येतात. मराठीचा हा आधार दोन्ही वाटांवर सारखाच मिळतो, फक्त तो ओळखायला व्याकरणाची बैठक पक्की लागते, आणि ती मला फार उशिरा मिळाली.

नोकरीचे म्हणाल, तर शाळेत स्थिर जागा हवी असल्यास २ वर्षांचे बी.एड. दोन्हीकडे धरूनच चालावे. आंतरराष्ट्रीय शाळांतल्या आयबी डिप्लोमामध्ये नवशिक्यांसाठी स्पॅनिशचा २ वर्षांचा ‘अब इनिशिओ’ अभ्यासक्रम असतो, केंब्रिजच्या आयजीसीएसई या शालेय परीक्षेतही स्पॅनिश हा विषय आहे. अशा शाळांत अर्ज करताना बी२वर न थांबता सी१पर्यंत जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

घरून परवानगी आणि खर्चाची सोय असेल, तर निःसंकोच स्पॅनिशची पदवी निवडावी. जो आधीच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने मात्र ती पदवी अर्धवट सोडू नये. ती पूर्ण होईपर्यंत बी२ गाठावी आणि मराठी व स्पॅनिश व्याकरण शेजारी ठेवून रोज अर्धा तास अभ्यासावे.