लिम्फोसाइटचा मृत्यू मोजणारे ॲनेक्सिन-व्ही किट: तीन वर्षांच्या वापरानंतर

लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींनी आपले काम संपल्यावर वेळेत मरावे, ही व्यवस्था त्यांच्याच जनुकांत असते. ती बिघडली तर काय होते, हे मृत्यूचा आदेश पेशीत पोचवणाऱ्या फॅस या पृष्ठप्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे लसिका ग्रंथी व प्लीहा सुजलेल्या उंदरांमध्ये १९९२ मध्ये दिसले आणि १९९५ मध्ये तसाच दोष माणसांतही सापडला. आमच्या प्रयोगशाळेत हा मृत्यू मोजण्यासाठी आम्ही तीन वर्षे ॲनेक्सिन-व्ही (हिरव्या चमकणाऱ्या रंगाला जोडलेले प्रथिन) आणि प्रोपिडियम आयोडाइड (डीएनएला चिकटणारा लाल रंग) यांचे किट वापरत आहोत.

किटमागचे तत्त्व मला फार सुंदर वाटते. जिवंत पेशी फॉस्फेटिडिलसेरीन हा मेदरेणू आवरणाच्या आतल्या बाजूस राखते. मृत्यूचा आदेश सुटल्यावर कॅस्पेस-३ हे विकर त्याला आत ठेवणारे प्रथिन निकामी करते आणि बाहेर सोडणारे प्रथिन कार्यान्वित करते. बाहेर आलेल्या त्या रेणूला ॲनेक्सिन चिकटते व पेशी हिरवी दिसते. आवरण फाटलेल्या पेशीत मात्र प्रोपिडियमही शिरते. म्हणून केवळ हिरवी दिसणारी पेशी मृत्यूच्या सुरुवातीच्या टप्प्यात आहे, असे समजता येते.

किट घेतल्यावर आम्ही ते जर्कॅट या टी-पेशींच्या वाणावर पारखले. फॅसला चेतवणारी प्रतिपिंडे घातल्यावर साध्या जर्कॅट पेशी काही तासांत हिरव्या झाल्या, तर फॅसचा आदेश पुढे नेणारे फॅड प्रथिन नसलेल्या जर्कॅट पेशी तशाच राहिल्या. फॅसला वगळून मायटोकॉन्ड्रियामार्फत पेशी मारणारे स्टॉरोस्पोरीन हे रसायन दिल्यावर मात्र दोन्ही मेल्या. एका जनुकाच्या अभावाने एकच वाट बंद होते आणि मायटोकॉन्ड्रियाची वाट उघडी राहते, हे विद्यार्थ्यांना इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या हाती आलेले नाही.

त्रुटीही सांगायला हव्यात. ॲनेक्सिनच्या बंधनाला कॅल्शियम लागते. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत घेतलेले रक्त नीट न धुता वापरल्यामुळे आमचे पहिले दोन प्रयोग वाया गेले, कारण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते; सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता, हे मला गंभीर वाटते. आता आम्ही हेपॅरिन या दुसऱ्या गोठणरोधकाची नळी वापरतो. उद्दीपित टी-पेशी मरत नसतानाही फॉस्फेटिडिलसेरीन काही काळ बाहेर आणतात, त्यामुळे उद्दीपनाच्या प्रयोगांत एकट्या या किटच्या आकड्यावर मी निष्कर्ष काढत नाही. शिवाय अंधारात पंधरा मिनिटे ठेवल्यावर नमुना तासाभरात फ्लो सायटोमीटर या एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर न्यावाच लागतो. यंत्र दुसऱ्या इमारतीत असेल तर आधी वेळ ठरवून घ्यावी.

आदेश फॅसकडून आला की मायटोकॉन्ड्रियाच्या वाटेवर नियंत्रण ठेवणाऱ्या बीसीएल-२ च्या कुळातील एखाद्या प्रथिनाकडून, हे किट सांगू शकत नाही. त्यासाठी कॅस्पेस-८ (फॅसची वाट) आणि कॅस्पेस-९ (मायटोकॉन्ड्रियाची वाट) यांच्या स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतात, आणि खरेदीच्या मागणीपत्रात त्या पहिल्यापासूनच लिहाव्यात.