हिमस्खलनाचा अंदाज की बचावाचं शिक्षण? बेळगावातून मदत करायची तर कुठे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बर्फ पडत नाही, तरी बर्फाशी आपला संबंध जुना आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. आपली पोरं भरती होतात आणि काश्मीर, लडाख, सिक्कीमच्या चौक्यांवर जातात. आता त्यात डिसेंबर-जानेवारीत गोवा एक्स्प्रेस पकडून दिल्ली आणि तिथून उत्तराखंडमधलं केदारकांठा शिखर गाठणाऱ्या तरुणांचीही भर पडली आहे. म्हणून एखादा ट्रेकिंग ग्रुप, माजी सैनिक संघटना किंवा गणेशोत्सव मंडळ शिल्लक वर्गणीतून हिमस्खलन सुरक्षेसाठी काही करू म्हणालं, तर ते अगदी रास्त आहे. ठरवायचं एवढंच, की मदत अंदाजाच्या कामाला द्यायची की लोकांना शिकवण्याला.

आधी अंदाजाचं काम. उतारावर बर्फ थरांनी साचतो. एखादा थर कच्चा राहिला आणि त्यावर नव्या हिमवर्षावाचं किंवा वाऱ्यानं आणून टाकलेल्या बर्फाचं ओझं आलं, की वरची अख्खी लादी सुटून खाली येते. हे आधी ओळखायला तज्ज्ञ बर्फात खड्डा खणून थर तपासतात, स्वयंचलित केंद्रांवरून तापमान, वारा आणि हिमवर्षावाच्या नोंदी घेतात आणि धोक्याची पातळी जाहीर करतात. अनेक देशांत ती १ ते ५ अशी असते. आपल्याकडे हे काम संरक्षण खात्याच्या डीआरडीओ या संशोधन संघटनेची चंदीगडची डीजीआरई ही प्रयोगशाळा करते. पूर्वीची बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी ‘सासे’ आणि भूप्रदेशाचा अभ्यास करणारी दुसरी प्रयोगशाळा एकत्र करून ती २०२० मध्ये उभी राहिली.

कॅनडात चित्र वेगळं आहे. २००३ च्या हिवाळ्यात तिथे हिमस्खलनांत २९ जण गेले, त्यांत १ फेब्रुवारीला एकाच शाळेचे ७ विद्यार्थी होते. त्यानंतर २००४ मध्ये उभी राहिलेली, आज ‘अव्हलांच कॅनडा’ नावाने ओळखली जाणारी ना-नफा संस्था अंदाजही देते आणि शिकवतेही. सरकारी पैशाबरोबर तिला लोकांच्या देणग्याही मिळतात. तिथल्या माणसानं अंदाजासाठी पैसे दिले, तर ते थेट कामी येतात. आपल्याकडे हे काम संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेकडे आहे. बेळगावच्या मंडळाचे पाच-पन्नास हजार तिथे पोचवायची सरळ वाट नाही, आणि त्या रकमेनं हिमालयातलं एक हवामान केंद्रही उभं राहणार नाही.

याचा अर्थ अंदाज दुय्यम आहे असा नाही. कुणासाठी काय महत्त्वाचं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: परत फिरायचा निर्णय त्या माणसाच्या हातात आहे का?

सियाचिनच्या चौकीवरच्या जवानाच्या हातात तो नसतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकी बर्फाखाली गेली आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्या दिवसांत हुबळी-धारवाडपासून बेळगावपर्यंत लोक बातम्यांना डोळे लावून बसले होते. अशा जवानासाठी, रस्त्यावर बर्फ उपसणाऱ्या मजुरासाठी, आधी मिळालेला नेमका इशारा हेच मोठं संरक्षण. पण इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आलं, ५४ कामगार त्याखाली अडकले, ४६ वाचले, ८ गेले. चमोली जिल्ह्यासाठीचा इशारा आदल्या दिवशीच दिलेला होता. जिल्ह्याचा इशारा आणि छावणीवरचा नेमका उतार यांच्यामधलं अंतर कुणीतरी, तिथल्या तिथे, शिकलेल्या नजरेनंच भरून काढायचं असतं.

ट्रेकरचं तसं नाही. त्याला परत फिरता येतं, आणि म्हणूनच त्याच्यासाठी शिक्षणाचं पारडं जड आहे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीमच्या नथुला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, माणसं पंधराव्या मैलापर्यंत पोचली होती. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी सांगतात, की हौसेने डोंगरात जाऊन हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांनी तो बर्फ स्वतः किंवा सोबतच्या कुणीतरी सोडवलेला असतो. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्यानं घसरते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवणारे हात सोबत्यांचेच.

आणि हे शिकवायला बर्फ लागत नाही, हा आपल्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. तो कोन डोळ्यांना किती फसवतो ते येळ्ळूरच्या राजहंसगडावर मोबाईलमधल्या कोनमापकानं मोजून बघा. पोरं ४५ सांगतात तिथे बऱ्याचदा तिशीही भरत नाही. शोधाचा सरावही इथेच होतो. ट्रान्सीव्हर, म्हणजे अंगावर बांधायचं, संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, चालू करून पोत्यात बांधायचा आणि पिंजराच्या मोठ्या गंजीत लपवायचा. संकेत पकडायला लावलेल्या दुसऱ्या ट्रान्सीव्हरवरचा अंतराचा आकडा कमी होत जाईल तसं पुढे सरकायचं. अगदी जवळ आलं की उपकरण न वळवता जमिनीलगत आडव्या-उभ्या रेषेत सरकवून सगळ्यात कमी आकड्याची जागा पकडायची आणि तिथून गोल फिरत शोधाची लांब काठी टोचायची. काठीला पोतं लागलं की ती उपसायची नाही, तिच्या उताराकडच्या बाजूनं खणायला घ्यायचं. घड्याळ लावून करा. पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं कशी उडून जातात ते कळतं. खऱ्या जागी तर थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, त्यामुळे फावड्याचा सराव सोडून चालत नाही.

कुणी म्हणेल, चोर्ला घाटात दरडी कोसळतात, आधी तिकडे बघा. म्हणणं खरं आहे, आणि तिथे पाऊस मोजणं, भेगा वेळेवर कळवणं अशी कामं गावाला स्वतः करता येतात. दोन्हींसाठी पैसे असतील तर दोन्ही करा. पण ज्या गावातून दरवर्षी दहा-वीस जण बर्फात जातात, तिथे हा सराव टाळू नये.

म्हणून माझं मत सरळ आहे. पैसा शिक्षणाला द्या. ट्रान्सीव्हर, काठी आणि फावडं यांचे निदान दोन संच मंडळाच्या मालकीचे असू देत, ट्रेकला निघणाऱ्यांनी ते अनामत ठेवून न्यावेत. उरलेल्या पैशातून एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अभ्यासक्रमाला पाठवा. परत आल्यावर गावात शिकवायची अट घाला. उंचावर नोकरी केलेले निवृत्त सुभेदार-हवालदार आपल्यात आहेतच, त्यांना बोलवा. ते आनंदानं येतील.

अंदाजाला मदत आवाजाची करा. ट्रेक कंपनीला पैसे भरण्याआधी विचारा: रोजचा इशारा कोण बघतं, कुठल्या पातळीला परत फिरता, तेव्हा पैसे परत मिळतात का? उत्तर लेखी मागा. खासदारांना निवेदन द्याल तेव्हा एकच मागणी ठेवा, की डीजीआरईचे इशारे सामान्य माणसाला मराठी, कन्नड, हिंदीत सहज मिळावेत.

केदारकांठ्याला आपली पोरं डिसेंबरात निघतात. पहिला सराव त्याआधीच्या एखाद्या रविवारी लावा.