सह्याद्रीतल्या देशी झाडांची नर्सरी – जरूर जावं अशी जागा

शोभेची परदेशी झाडं नकोच होती, म्हणून मुद्दाम फक्त देशी रोपं ठेवणाऱ्या नर्सरीत गेलो आणि मन भरलं खरंच. पळस, बहावा, पांगारा, कुंभा, हिरडा, बेहडा सगळं एका जागी, आणि मुरुडशेंग पण, जी शहरातल्या नर्सरीत विचारली तर लोक तोंडाकडे बघतात. तिचं फूल आधी लाल-केशरी असतं, जुनं झालं की निळसर राखाडी पडतं, एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात आणि शिंजीर पक्षी त्यावर सतत येतात. पिळदार शेंग बाळगुटीत उगाळून देतात हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण सालीच्या धाग्याचे दोर वळतात हे मला इथे कळलं.

कारवीची रोपं बघून तर फारच छान वाटलं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, आणि तिच्या काठ्यांचे कूड, म्हणजे भिंती, मातीने लिंपून अजूनही घाटात घरं उभी राहतात. माहिती सांगणारे काका घाई करत नाहीत, कुठल्या झाडाला किती ऊन, पाणी साचलेलं चालेल का, सगळं नीट सांगतात.

एक तक्रार आहे, काही जुन्या रोपांची मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेली होती, अशी रोपं पुढे नीट वाढत नाहीत, तेव्हा घेताना पिशवीचा तळ बघूनच घ्या. पावसाच्या सुरुवातीला जा, लागवडीला तोच टाइम बेस्ट.