नवा फिजिशियन: आधी आयएमए की एपीआय?

एमडी मेडिसिन झालं, तालुक्याच्या गावी पाटी लागली, की महिन्याभरात हा प्रश्न समोर येतो. आयएमएच्या, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेच्या, स्थानिक शाखेतले डॉक्टर फॉर्म देऊन जातात. तिकडे कॉलेजातले सर म्हणतात, एपीआयचं, म्हणजे असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचं, लाइफ मेंबर होऊन टाक. कर्जाचे हप्ते चालू असताना दोन्हीकडची फी एकदम भरणं जड जातं. सक्तीची आहे ती फक्त महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी लागणारे 30 क्रेडिट पॉइंट, जे मान्यताप्राप्त वैद्यकीय कार्यक्रमांना हजर राहून मिळतात. आयएमए आणि एपीआय दोन्ही ऐच्छिक आहेत.

आयएमए 1928 ची. एमबीबीएसपासून सुपरस्पेशालिस्टपर्यंत सगळे तिच्यात, आणि शाखेत नाव घातलं की राज्य व राष्ट्रीय सभासदत्व त्यातच येतं. एपीआय 1944 ची. ती आपल्या मेडिसिनवाल्यांची.

गावात एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याने आधी आयएमए घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आयसीयूतला पेशंट दगावला आणि नातेवाईक चिडून आत शिरले, तर डॉक्टरवरील हल्ला अजामीनपात्र ठरवणारा 2010 चा कायदा महाराष्ट्रात आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रात्री दीड वाजता पोलीस ठाण्यात तुमच्या शेजारी बसून तेच कलम लावा म्हणणारे चार सीनियर लागतात. ते शाखेतूनच मिळतात. दुसरी भीती ग्राहक आयोगाच्या नोटिशीची. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आयएमएच्याच खटल्यातला. संघटना तिथे हरली, तरी नोटीस आल्यावर वकील आणि तज्ज्ञांचं मत मिळवून देणारी प्रोफेशनल प्रोटेक्शन स्कीम तिच्याकडे आहे. सोशल सिक्युरिटी स्कीमही आहे: सभासद गेला तर बाकीचे वर्गणी काढून त्याच्या घरी रक्कम देतात. तरुणपणी हे नकोसं वाटतं, पण घरच्यांसाठी ते बघाच. या दोन्हींची वर्गणी वेगळी भरावी लागते. नुसत्या सभासदत्वाने संरक्षण मिळालं असं समजू नका.

एपीआयचं बळ वेगळं आहे. जापी हे तिचं मासिक, एपिकॉन ही वर्षाची देशपातळीवरची परिषद, मॅपिकॉन ही राज्याची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जे काम केलं, त्याचे लेख जापीतही आले आहेत. लहान गावातल्या फिजिशियनने पाहिलेलं देशभर पोचतं, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडचा डेंग्यू, लेप्टो, तरुण वयातला मधुमेह, यांवर आपल्याच लोकांशी बोलायला ही जागा हवीच. पुढे इंडियन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची फेलोशिप हवी असेल तर वाट इथूनच जाते. क्रेडिट पॉइंट मात्र दोन्हीकडच्या मान्यताप्राप्त कार्यक्रमांत मिळतात, त्यामुळे त्यावरून निवड करू नका.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पगारावर असाल किंवा शिकवत असाल, तर क्रम उलटा: आधी एपीआय. तिथे कायदेशीर बाजू बरीचशी रुग्णालय बघतं. तरी तुमच्या नावाने विमा आहे का, हे नेमणूकपत्रात वाचून घ्या.

आणि जोडीदारही डॉक्टर असेल, तर आयएमएत जोडप्यासाठी एकत्र सभासदत्व आहे. फॉर्म भरण्याआधी शाखेच्या सचिवांना तेवढं विचारा.