आठवड्याचं भाजीचं कॅरेट: वांग्यावरून भांडण झालं त्यानंतरचा अनुभव

कांदेनवमी झाली, एकादशी झाली, आणि त्याच आठवड्यात आमच्या दारात जे कॅरेट आलं त्यात वरच दीड किलो वांगी. जळगावात राहून, जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांच्या गटाकडून भाजी घेऊन हे व्हावं याचा मला अजूनही राग येतो. आमच्याकडे चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण काहीच चालत नाही, सासूबाई तर चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावत नाहीत, आणि हे काही आमच्या एकट्याच्या घरचं नाही, गल्लीत कितीतरी घरी हेच पाळतात. फोन केला तर पलीकडून भाऊ म्हणे, ताई, कॅरेट सगळ्यांचं सारखंच भरतो, बदलून मिळत नाही. मी म्हटलं, भाऊ तुमच्या घरी पाळत नाहीत का? तर म्हणे पाळतात ना. मग? घरी पाळता आणि कॅरेटमध्ये टाकता!

४५० रुपयाचं कॅरेट, त्यात सहा-सव्वासहा किलो माल, त्यातला दीड किलो असा गेला म्हणजे शंभराच्या वर रुपये शेजारी वाटले. पुढच्या आठवड्याचे पैसे मी भरलेच नाहीत. ऑनलाइन भरायचे असतात आधी, ते थांबवले आणि ग्रुपवर सरळ लिहिलं की जोपर्यंत यादी आदल्या दिवशी येत नाही तोपर्यंत आमचं कॅरेट बंद.

कारण खरं दुखणं वांगं नव्हतंच, यादी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू केलं तेव्हापासून एकच प्रकार, कॅरेट येणार संध्याकाळी साडेसातला आणि आत काय आहे ते उघडल्यावरच कळणार. आता आपल्याकडे रात्री खिचडी-कढी ठरलेली असते, मी कॅरेट लावलंच होतं ते रोजची खिचडी मोडून मुलांच्या ताटात भाजी-भाकरी यावी म्हणून. पण साडेसातला दोन जुड्या पोकळा हातात पडल्यावर तो निवडायचा कधी, धुवायचा कधी, आणि घोटलेल्या भाजीला तूरडाळ-शेंगदाणे भिजत घालायचे कधी? म्हणजे त्या रात्री परत खिचडी. पोकळा येणार हे आदल्या दिवशी कळलं तर सकाळी कामावर जाताना डाळ भिजवून जाता येतं, मेथी असेल तर बाजरीचं पीठ आहे का बघता येतं, गंगाफळ (लाल भोपळा) असेल तर काहीच घाई नाही. सगळं त्या यादीवर आहे.

यावर गटाचं उत्तर काय, तर तोडणी झाल्याशिवाय सांगता येत नाही. हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. माझं माहेर शेतीचंच. भेंडी एक-दोन दिवसाआड तोडावीच लागते नाहीतर निबर होते, गवारीचं, गिलक्याचं (घोसाळ्याचं) तेच. गंगाफळ तर कधीचं तोडून घरात पडलेलं असतं. उद्या काय तोडायचं हे ज्याला आज संध्याकाळी माहीत नाही तो शेतकरीच नाही, आणि हे लोक चांगले शेतकरी आहेत, माल बघून कळतं. म्हणजे माहीत असतं, फक्त लिहून पाठवायचा कंटाळा.

पंधरा-वीस दिवस असंच ताणलं गेलं. माझ्या मागोमाग अजून काही बायकांनी तेच लिहिलं आणि मग श्रावणाच्या तोंडावर यादी यायला लागली, आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि खाली एक ओळ, की एक भाजी बदलून हवी असेल तर आठच्या आत सांगा. झालं. इतकंच मागत होते.

तिथून माझं मत बदललं ते बदललंच. आता कॅरेट गुरुवारी येतं आणि आमच्या रात्री अशा लागतात की गुरुवार-शुक्रवार पालेभाज्या, पोकळा, आंबटचुका, मेथी जे असेल ते. न धुता, मुळं कापून, सुती कापडात गुंडाळून ठेवलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत हिरवीगार राहते, धुवून ठेवली की सडली समजा. शनिवारी भेंडी किंवा गवार. गिलकी रविवारच्या पुढे नेऊ नका, आत दोरे धरतात, मुलं भाजी खात नसतील तर सरळ गिलक्याची भजी करा, ताट रिकामं होतं. सोमवारी दोडकं, त्याच्या शिरा फेकू नका, तीळ घालून चटणी होते. मंगळवारी दुधी नाहीतर गंगाफळ, न कापलेलं गंगाफळ तर पुढच्या महिन्यापर्यंत टिकतं म्हणून ते मी कायम मागे ढकलते. बुधवारी कॅरेट रिकामं, त्या दिवशी शेवभाजी नाहीतर डुबुक वडे, भाजीची गरजच नाही. खिचडी आता आठवड्यातून एखाद्या वेळेला होते आणि तेव्हा ती सगळ्यांना हवी असते, हा फरक मला फार मोठा वाटतो.

पैशाचं बोलायचं तर उन्हाळ्यात बाजारापेक्षा महागच पडलं. पण भर पावसात हातगाडीवर मेथीच्या जुडीला ४० रुपये सांगायला लागले तेव्हा कॅरेटचा भाव तोच होता. वर्षाचा हिशोब धरला तर बरोबरीत सुटतं, आणि रोज संध्याकाळी भाजीसाठी चक्कर मारायचं पेट्रोल वाचतं ते वेगळं.

एक गोष्ट मात्र सांगून सांगून थकले. केळी. रावेर-यावलकडची केळी चांगली असतात यात वाद नाही, पण पिकायला आलेली फणी मेथीला चिकटवून ठेवतात आणि केळ्यातून जो गॅस सुटतो त्याने पानं पिवळी पडतात. जळगावच्या माणसाला हे सांगावं लागतं? केळी पिशवीत वेगळी द्या, पाच मिनिटाचं काम आहे.

आणि आता वांग्याचं. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी यादीत भरताची वांगी होती, अडीच किलो, जळगावजवळच्या आसोद्याची. मोठी, हिरवी-पांढरी, देठ ताजा, कापून बघितलं तर बी जवळजवळ नाहीच, २०१६ ला ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेच वाण. पण खरं म्हणजे कॅरेटच्या बाजूला पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, वाळलेली मोळी बांधून दिली होती, न मागता, पैसे न घेता. गॅसवर भाजलेलं भरीत आणि पऱ्हाटीवर भाजलेलं यात किती फरक आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. गच्चीवर जाळ केला, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं लाकडी उखळीत ठेचलं, नैवेद्य दाखवला, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. जवळजवळ पाच महिने वांगं न खाल्लेल्या सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. ज्या गटाशी मी आषाढात इतकं भांडले त्यांनाच त्या रात्री फोटो पाठवला आणि मनापासून आभार लिहिले.

नोकरी करून रात्रीचा स्वयंपाक बघणाऱ्या घराला हे कॅरेट घ्या म्हणून सांगेन, पण यादी आदल्या दिवशी देणाऱ्याकडूनच, आणि हे पहिल्या फोनवर विचारून घ्या. घरात दोनच माणसं असतील तर अर्धं कॅरेट मिळतं का बघा, पूर्ण संपत नाही. मी संक्रांतीपासून पुढचे तीन महिने भरलेत. त्यापुढचे उन्हाळ्याचे अजून भरले नाहीत, कारण मागच्या उन्हाळ्यात एकदा संध्याकाळच्या ऐवजी दुपारी दोनला माल आणून दिला होता, बाहेर ४४-४५ डिग्री, पालेभाजीचं काय झालं असेल ते बघा. गाडी सकाळी नऊच्या आत येणार असं ग्रुपवर लेखी टाकलं की लगेच भरते.