तरुण संघाची सेवायात्रा: मे महिन्यातलं श्रमदान की ऊसतोडीचा तळ?

आठवी ते बारावीतली मुलं-मुली घेऊन तरुण संघाची सेवायात्रा काढायचं ठरलं, की मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांपुढे तीन नावं येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या गावात मुक्काम करून जलसंधारणाचं श्रमदान, नाताळच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या तळावरच्या मुलांसोबत काम आणि बालगृहाची भेट. संघातल्या मुलांबरोबर मी हे तिन्ही जवळून पाहिलं आहे. यंदा ज्या पालकांना आणि पाळकसाहेबांना निर्णय घ्यायचाय, त्यांना माझं मत आधीच सांगते. मुलं दहावीच्या पुढची असतील तर तळावर न्या. लहान-मोठी मिश्र असतील तर श्रमदान बरं. बालगृहाची मुक्कामी यात्रा मात्र कुणीच काढू नये.

आधी एक प्रश्न: हे काम मागितलंय कुणी?

बीड जिल्ह्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे आरोग्याचं काम करायला आलं. गावकऱ्यांची पहिली गरज निघाली पाणी आणि अन्न. आरोळ्यांनी ते ऐकलं आणि तिथूनच हात घातला. पुढे गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मुलांना सेवेबद्दल काही शिकवायचं असेल तर हा धडा आपल्या शेजारीच आहे.

म्हणून दोन पर्याय समोर ठेवताना मी आधी हेच विचारते. श्रमदानात उत्तर सोपं असतं. गावाने ठराव केलेला असतो, चर कुठल्या माळावर खोदायचे हे ठरलेलं असतं, आपण फक्त हात वाढवायचे. तळावर असं काहीच ठरलेलं नसतं. तिथे परवानगी एकाची पुरत नाही. टोळी आणणारा मुकादम हवा, साखर कारखान्याच्या शेती विभागाच्या कानावर घातलेलं हवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलांच्या आयांचा होकार हवा. तो मिळवायला संध्याकाळी, त्या उसाच्या फडातून परतल्यावर जावं लागतं. दमलेल्या बाईला चुलीपुढे बसल्या बसल्या आपलं म्हणणं समजावून सांगायचं, हे काम मोठ्यांनी आधी जाऊन करायचं असतं. ते झालं नसेल तर मुलांना नेऊच नका.

श्रमदान: दिसणारं काम

मे महिन्यात परभणी-जालन्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. त्यामुळे खरं काम सकाळी सहा ते नऊ आणि फार तर संध्याकाळी तास-दीड तास. मधला दिवस समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत काढायचा. पालकांना वाटतं मुलं दिवसभर राबतील. तसं होत नाही आणि होऊही नये.

पण ते तीन तास मुलांना खूप देतात. समपातळीत चर खणायचे तर आधी आखणी लागते. लाकडाची ए-फ्रेम, तिच्या टोकाला ओळंबा, उताराला आडवं एकेक पाऊल सरकत फक्कीने खूण करत जायची. नववीतल्या ज्या मुलाला भूमितीचा कंटाळा, तोच ओळंब्याची दोरी मधोमध येईपर्यंत फ्रेमचा पाय खालीवर करत बसलेला मी पाहिला आहे. चर साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. मुरमात टिकाव मारल्यावर पहिल्याच दिवशी तळहाताला फोड येतात. कापडी हातमोजे न्याच, ते लाड नव्हेत.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेमुळे २०१६ ते २०१९ या काळात कितीतरी गावं या कामाला सरावली. गावातच जाणकार माणसं भेटतात, शिकवणारे बाहेरून आणावे लागत नाहीत. शिवाय मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तो २०१६ चा उन्हाळा त्या भागातल्या घराघरांत अजून बोलला जातो. मुलं तो ऐकतात आणि आपण कशासाठी खणतोय हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट टाळा: मे महिन्यातलं वृक्षारोपण. फोटो छान येतात, रोपं महिनाभरात वाळतात. झाडंच लावायची असतील तर चांगला पाऊस झाल्यावर एक दिवस परत जा. तोवर खड्डे खणून ठेवा.

तळ: न दिसणारं काम

पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल, आणि ती फिटेपर्यंत तोडणी. बरेच जण पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पण लातूर, धाराशिव, जालना, परभणीकडच्या कारखान्यांवरही टोळ्या उतरतात. म्हणजे लांब जायची गरज नाही. काही तासांच्या अंतरावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांचा, म्हणजे झोपड्यांचा तळ सापडतो.

आई-वडील अंधार असतानाच फडात जातात. मागे राहतात ती पोरं. गावाकडे हंगामी वसतिगृहाची सोय असली तरी सगळीच मुलं मागे ठेवता येत नाहीत, आणि जी सोबत येतात त्यांची शाळा बुडते. तिथे आपली मुलं काय करू शकतात? सकाळी दहा ते एक अक्षरओळख, पाढे, गोष्टी, नंतर खेळ. एवढंच. पण यातला सगळ्यात उपयोगी भाग वेळापत्रकात लिहिलेला नसतो. एका तळावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन वर्गाच्या कडेला उभी राहायची. बसायची नाही, कारण बसली की बाळ रडायचं. आमच्यातला अकरावीतला एक मुलगा, ज्याला शिकवायला जमत नव्हतं म्हणून तो हिरमुसला होता, त्याने ते बाळ मागून घेतलं आणि कोप्यांच्या रांगेतून फिरवत राहिला. मुलगी बसली. तिने पाटीवर सातचा पाढा पूर्ण लिहिला आणि पाटी उंच धरून भावाला दाखवली. त्या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम त्या मुलाने केलं असं मी आजही म्हणते.

म्हणूनच तळ मला जास्त मोलाचा वाटतो आणि म्हणूनच तो लहान मुलांसाठी नाही. चर खणला की संध्याकाळी मोजता येतो. तळावर आठवडा घालवून काही बदललं असं दाखवता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही, तो कंटाळतो किंवा खाऊ वाटून मोकळा होतो. सोळा-सतराच्या मुलांना मात्र प्रश्न पडायला लागतात. आपल्याच वयाची मुलगी लग्न होऊन कोयत्यावर का आली? उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी काय? रात्रीच्या बैठकीत हे प्रश्न येऊ द्या. घाईने उत्तरं देऊ नका आणि मुकादमासमोर ते विचारायला मुलांना पाठवू नका. आपण निघून आल्यावर त्याचा त्रास त्या कुटुंबाला होतो.

हौस म्हणून हातात कोयता घेऊन फोटो काढणं सक्त बंद. उसाच्या पाल्याने हात चिरतात हा भाग आहेच, पण दुसऱ्याच्या पोटाचं काम ही आपली गंमत नव्हे.

प्रार्थना कुठे करायची

यावर मंडळीत नेहमी वाद होतो, आणि माझं म्हणणं ठाम आहे. सकाळ-संध्याकाळची भक्ती, गाणी, साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणं, हे सगळं आपल्या मुक्कामाच्या जागी, मनापासून. तळावर किंवा गावात पत्रकं नाहीत, मुलांकडून प्रार्थना म्हणून घेणं नाही. आई-वडील फडात असताना, आपल्या हातून बिस्कीट घेणारं लेकरू आपल्या प्रार्थनेला नाही म्हणू शकत नाही. जिथे नाही म्हणता येत नाही तिथे साक्ष देऊ नये. कुणी मोठ्या माणसाने आपणहून विचारलं, तुम्ही कोण, कशासाठी आलात, तर सरळ सांगा की आम्ही ख्रिस्ती मंडळीतली मुलं आहोत. लपवायचं काही नाही.

श्रमदानात हा पेच कमी येतो, कारण गाव जागेवर असतं आणि मोठी माणसं सोबत खणत असतात. तिथे मारुतीच्या पारावर बसून गावाबरोबर जेवायचं, एवढं मुलांना आधी सांगून ठेवलं की पुरे.

मुली, मुक्काम, खर्च, अभ्यास

तळावर संडास नसतो असंच धरून चाला. मुक्काम जवळच्या गावातल्या चर्चमध्ये, मिशनच्या आवारात किंवा शाळेत करा आणि रोज जा-ये करा. श्रमदानाच्या गावातही मुलींच्या राहण्याची जागा आधी जाऊन डोळ्यांनी बघा, फोनवर विश्वास ठेवू नका. मुलींबरोबर किमान दोन मोठ्या बाया हव्यातच. एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर खोलीत थांबणार नाही, हा नियम पाळकांपासून सगळ्यांना. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, सोबत येणाऱ्या प्रत्येकाला तो समजावून सांगा. प्रत्येक पालकाचं लेखी संमतिपत्र आणि मुलाच्या औषधांची नोंद हातात असल्याशिवाय गाडी हलवू नका.

खर्चात फार फरक पडत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना आणि बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे खासगी गाडीपेक्षा एसटी परवडते. श्रमदानात जेवणाचा भार गाव उचलू बघतं. शिधा तरी आपला द्या. तळावर स्वतःचं पाणी न्या, टँकरच्या पाण्यावर हक्क सांगू नका.

अभ्यासाचं विचाराल तर अडचण तळाचीच जास्त. मिशनच्या शाळांना नाताळची सुट्टी असते, बाकी मुलांना २५ डिसेंबरचा एकच दिवस. त्यातून बारावीची मुलं नीट आणि सीईटीच्या क्लासला जुंपलेली, लातूरकडे तर विचारायलाच नको. दहावीची परीक्षा संपल्यावरची मुलं मोकळी असतात, आणि मार्चमध्ये हंगाम बऱ्याच ठिकाणी उरकत आलेला असला तरी तळ असतात. मला हा काळ नाताळपेक्षा बरा वाटतो. तळावर नाताळ साजरा करायचा मोहही मग राहत नाही.

बालगृहाबद्दल थोडक्यात

आधीच दुरावलेल्या मुलांना दोन दिवस मांडीवर घेऊन, गाणी म्हणून निघून यायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या संघाने तेच करायचं, यात त्या मुलांचं नुकसान आहे. शिवाय बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असे फोटो किंवा नावं प्रसिद्ध करता येत नाहीत, हे आपल्या मुलांच्या स्टेटसला कोण सांगणार? संस्थेने भिंती रंगवायला, बाकं दुरुस्त करायला बोलावलं तर जरूर जा, काम करा, संध्याकाळी परत या.

ठरवायचं असेल तर कधीपर्यंत

श्रमदानासाठी २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी सरपंचांना भेटा, म्हणजे ग्रामसभेत विषय निघतो आणि जागा, अवजारं, पाणी यांचं नियोजन गावच करतं. १ मेच्या ग्रामसभेनंतर गेलात तर गावाकडे द्यायला काम शिल्लक असेलच असं नाही. तळासाठी टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आसपास, त्यांच्याच गावी जाऊन मुकादमाला आणि कुटुंबांना भेटा. कुठल्या कारखान्यावर जाणार ते विचारून घ्या. तळावर पोहोचाल तेव्हा ओळखीचे चार चेहरे असतात आणि पहिला दिवस परवानगीत जात नाही.