सराफी पेढीत नोकरी लावतो म्हणून भाचीला कसं गंडवलं

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सराफांकडे जादा माणसं लागतात, हे खरंच आहे. धनत्रयोदशी, पाडवा, मग तुळशीचं लग्न उरकलं की लग्नसराई. काउंटरवर माणसं पुरत नाहीत. नेमक्या याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती फिरायला लागतात. नामांकित ज्वेलर्ससाठी मुली पाहिजेत, अनुभवाची अट नाही, पगार २५ हजार, राहायची सोय. माझी भाची चाळीसगावची, बी.कॉम. झालेली. अशाच जाहिरातीवरून तिला नाशिकला मुलाखतीला बोलावलं आणि पुरतं लुबाडलं. मी स्वतः जळगावात सराफाच्या पेढीवर काउंटरला आहे. त्यामुळे हा बनाव किती विचार करून रचला होता ते मला जरा जास्तच कळतं, आणि म्हणूनच तपशिलात लिहितोय.

मुलाखत ठरल्यावर तिचा फोन आला, "मामा, काय काय विचारतील हो?" नवख्या मुलीला जेवढं यायला हवं तेवढं मी सांगितलं. २२ कॅरेट म्हणजे ९१६ (हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं), १८ कॅरेट म्हणजे ७५०. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अशा तीन खुणा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा एचयूआयडी असावाच लागतो, आणि ग्राहकाने शंका काढली तर बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकून दाखवायचा. बिलाचा हिशेब म्हणजे नेट वजन गुणिले आजचा भाव, त्यात मजुरी, आणि बेरजेवर ३ टक्के जीएसटी. खड्यांचा दागिना असेल तर ग्रॉस (खड्यांसकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) वजन वेगवेगळं बोलून दाखवायचं. मोड, म्हणजे जुनं सोनं, आली तर टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, भाव बोलायचा नाही. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन, आणि तेवढी रक्कम रोखीत घ्यायचीच नाही. ठुशी, वज्रटीक आणि चिंचपेटी फोटोत ओळखता यायला हव्यात, पाटली आणि तोडा यात गल्लत नको. आणि ट्रे पुढे करताना नग मोजायचे, परत घेताना पुन्हा मोजायचे. बाकी काही विसरली तरी चालेल, हे विसरू नकोस म्हटलं.

मुलगी हुशार आहे, दोन दिवसांत सगळं पाठ केलं.

मुलाखत पेढीत नव्हती. कॉलेज रोडच्या बाजूला एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर "रिक्रूटमेंट पार्टनर"चं ऑफिस होतं. आत एसी, भिंतीवर त्या मोठ्या पेढीचा लोगो, टेबलामागे काठपदराची साडी नेसलेल्या चाळिशीच्या बाई. त्यांनी जे प्रश्न विचारले ते कोणत्याही खऱ्या पेढीत विचारतील असेच होते. शेजारच्या दुकानात मजुरी कमी आहे असं ग्राहक म्हणाला तर काय सांगाल? एचयूआयडी म्हणजे काय? मग बाईंनी मखमलीचा ट्रे पुढे केला, त्यात इमिटेशनच्या अंगठ्या. "ग्राहकाला दाखवता तशा दाखवा." समोर ग्राहक म्हणून त्यांचाच एक माणूस बसला होता. त्याने दोन-तीन अंगठ्या बोटात घालून पाहिल्या, आणि बोलता बोलता एक मुठीत दाबली. भाचीने ट्रे परत घेताना नग मोजले आणि शांतपणे म्हणाली, "सर, एक अंगठी आपल्याकडे राहिली." बाईंनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या तिथे निवड झाली.

या ट्रेच्या खेळाला मी मानलं. इतकी कडक परीक्षा घेणारे लोक खोटे असतील असं कोणाच्या मनात येणार? पुढच्या सगळ्या मागण्या याच विश्वासावर उभ्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक मागणी सराफीतल्या एखाद्या खऱ्या रिवाजावर बेतलेली होती.

पहिली मागणी अनामतीची. "तुमच्या हातात रोज लाखोंचा माल असणार, कंपनी विमा-बाँड करते," म्हणून साडेसहा हजार. वर युनिफॉर्मच्या दोन साड्यांचे अडीच हजार. सगळं सहा महिन्यांनी परत मिळेल म्हणाले. आता खरं काय ते सांगतो. सराफ नवा माणूस घेताना हमी मागतोच, पण ती माणसाची. ओळखीतल्या दोघांची नावं, पत्ता, एखाद्या पेढीत जामीनदाराची सही. काही मालक पगारातून दरमहा थोडी रक्कम अनामत म्हणून कापून ठेवतात. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, पण ती पगारातून कापतात. नोकरीला लागायच्या आधी उमेदवाराच्या खिशातून पैसे मागणारा सराफ मी तरी पाहिला नाही.

दुसरी मागणी पोलीस पडताळणीची, तिचे वेगळे तीन हजार. चारित्र्य पडताळणी खरोखर लागते, पण तिचा अर्ज उमेदवाराने स्वतः पोलिसांकडे ऑनलाइन करायचा असतो आणि सरकारी शुल्क याच्या आसपासही नाही. तिसरी मागणी मूळ कागदांची. बारावीची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र "रुजू होईपर्यंत लॉकरमध्ये" म्हणून ठेवून घेतलं.

चौथी अट मला सगळ्यात पाजी वाटली. "सोन्याचा धंदा आहे, कुठल्या शाखेत लागलात, कधी रुजू होणार, हे घरीदारी बोलायचं नाही. सुरक्षेचा नियम आहे." काउंटरवरचा माणूस मालाबद्दल, तिजोरीबद्दल बाहेर बोलत नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहेच. त्यांनी तोच उचलला आणि असा वापरला की मुलीने आईला किंवा मामाला विचारूच नये. तिने नाहीच विचारलं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता भलत्याच कुणाचं नाव आलं, तेव्हा "ते आमचे अकाउंटंट" असं उत्तर मिळालं.

ठरल्या तारखेला ती नेमणूकपत्र घेऊन पेढीच्या दारात उभी राहिली. सिक्युरिटीवाल्याने पत्र न वाचताच मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर भला माणूस होता, आत बसवून पाणी दिलं, आणि सांगितलं की आमची भरती इथे दुकानातच होते, आम्ही बाहेर कोणाला नेमलेलं नाही. अशा मुली याआधीही आल्या होत्या. कॉम्प्लेक्समधलं ऑफिस महिन्याच्या भाड्याने घेतलेलं होतं, तोवर ते रिकामं झालं होतं.

भाचीबरोबर मुलाखत दिलेल्या मालेगावच्या एका मुलीचं याहून वाईट झालं. तिला "सॅलरी अकाउंट" म्हणून नवीन बचत खातं उघडायला लावलं, आणि पासबुक, एटीएम कार्ड, खात्याला जोडलेलं सिमकार्ड असं सगळं "एचआरकडे" जमा करून घेतलं. त्या खात्यातून दुसऱ्यांना लुबाडलेले पैसे फिरवले गेले. आता खातं गोठवलंय आणि परराज्यातल्या सायबर पोलिसांचे फोन तिलाच येतात. पैसे गेले तर गेले, पण आपलं खातं आणि सिम दुसऱ्याच्या हातात गेलं की फसलेला माणूसच आरोपीच्या रांगेत उभा राहतो. ही गोष्ट मुलींना आधी सांगा, पगाराचे आकडे नंतर.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे पाठवल्यावर जितक्या लवकर हा फोन होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या वेळी पैसे केव्हाच पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. "अहो, ऑफिस नाशिकचं, तुम्ही इथे कसे?" असं कोणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी तक्रार घेता येते. पोर्टलचा पोचपावती क्रमांक, पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट, नेमणूकपत्र, चॅट असं सगळं छापून फाइल करून न्या. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात सगळे आधी तेच करतात. बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत डिजिलॉकरवर मिळाली, पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायला विद्यापीठात अर्ज केलाय. आधार-पॅनच्या झेरॉक्स गेल्यात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि तिच्या नावावर कोणी कर्ज काढलंय का ते अधूनमधून क्रेडिट रिपोर्टवर बघतो. यापुढे कुठेही आधार द्यायचं झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार, आणि झेरॉक्सवर आडवं लिहायचं: फक्त अमुक नोकरीच्या अर्जासाठी, तारीख, सही.

एवढं होऊनही प्रकरण मिटत नाही. काही आठवड्यांनी एकाचा फोन आला, "तुमची तक्रार आमच्याकडे आलीय, रिफंड मंजूर झालाय, फक्त बाराशे रुपये प्रोसेसिंग भरा." बहुधा त्याच टोळीतला असावा, नाहीतर त्यांच्याकडून यादी विकत घेतलेला. फोन नेमका माझ्या बहिणीने उचलला. तिने अहिराणीतून त्याची जी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण त्यानंतर त्या नंबरवरून पुन्हा फोन आला नाही.